चिमी यंदा कुणाची?

मार्च महिन्यातला रविवार. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. मी भाकऱ्या थापत होते आणि एका कानाने टीव्हीवरच्या बातम्या ऐकत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू मागच्या दाराने आत आल्या. हातात मोबाईल, डोळे भरलेले. म्हणाल्या, ‘‘अगं, तूच बोल हिच्याशी. मला काही उमगेना. म्हणतेय, चिमीला त्यानं आपल्या नावावर करून घेतलं!’’

माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. चिमी म्हणजे काकूंची नात, वय वर्षं नऊ. जन्म न्यू जर्सीचा. काकूंची धाकटी लेक २०१० साली लग्न होऊन तिकडे गेली, नोकरीला लागली. २०२२ मध्ये तिचा घटस्फोट झाला. भांडणतंटा न होता झाला, म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. मुलीचा ताबा दोघांकडे, एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. मग आता हे ‘नावावर करून घेणं’ कुठून आलं? माझ्या मनात नको नको ते आलं. पोरीला पळवली की काय?

फोन कानाला लावला. पलीकडून ती म्हणाली, ‘‘वहिनी, तसं काही नाही हो. चिमी इथेच आहे, शेजारी बसून चित्र काढतेय. मी इन्कमटॅक्सचं रिटर्न भरत होते. कॉम्प्युटरनं ते परत पाठवलं. म्हणतो, या मुलीचा नंबर दुसऱ्या कुणीतरी आधीच आपल्या रिटर्नमध्ये दाखवलाय.’’

मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. आमच्या घरी रिटर्नचं काम यजमान बघतात आणि मी दाखवतील तिथे सही करते, हे आधीच कबूल करते. पण महिला समुपदेशन केंद्रात वीस वर्षं बसतेय, त्यामुळे ‘मूल कुणाच्या कागदावर’ या प्रश्नाचं महत्त्व मला चांगलंच ठाऊक आहे. किती उशिरा ठाऊक झालं, तेही पुढे सांगते. त्या दिवशी भाकऱ्या तशाच ठेवून मी तिच्याकडून सगळं समजून घेतलं. नंतरही दोन-तीन रविवार आम्ही बोलत होतो.

तिथली पद्धत अशी. कर भरणाऱ्यावर जे लहान मूल अवलंबून आहे, त्याचं नाव आणि नंबर रिटर्नमध्ये लिहायचा. त्या मुलामागे करात सवलत मिळते. तिला चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणतात. २०२५ सालासाठी ती एका मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. आपल्या रुपयांत पावणेदोन-दोन लाखांच्या घरात जाते. नवरा-बायको एकत्र असले की प्रश्नच नाही. दोघांचं मिळून एक रिटर्न, त्यात मुलांची नावं. पण घटस्फोट झाला की रिटर्न दोन होतात आणि मूल तर एकच. सवलत अर्धी अर्धी वाटून घेता येत नाही. एका वर्षी एकाच पालकानं मुलाचं नाव लिहायचं.

मग कुणी लिहायचं? मला वाटलं, जो खर्चाला पैसे देतो त्यानं. चिमीच्या बाबांनाही तसंच वाटलं असणार. ते दर महिन्याला ठरलेली रक्कम वेळेवर देतात, चिमीचा आरोग्य विमा त्यांच्या नोकरीतून आहे. माणूस वाईट नाही. पण तिथल्या आयकर खात्याचा नियम वेगळाच निघाला. तो ऐकून मी चकितच झाले.

ते खातं रात्री मोजतं.

होय, रात्री! वर्षभरात मूल ज्या पालकाकडे जास्त रात्री झोपलं, तो त्या वर्षाचा ताबाधारक पालक. मुलाचं नाव लिहायचा पहिला हक्क त्याचा. दर महिन्याला पोटगी कोण देतं, यावर हे ठरत नाही. मूल एखाद्या रात्री मैत्रिणीकडे झोपायला गेलं, तर ती रात्र ज्या पालकाची पाळी होती त्याच्या खात्यात. आणि एखादी आई दवाखान्यात रात्रपाळी करत असेल, तर? तिच्यावर अन्याय नको म्हणून तिच्या बाबतीत रात्रीऐवजी दिवस धरतात. हे कलम ज्यानं लिहिलं असेल, त्याच्या घरात रात्रपाळी करणारं कुणीतरी नक्की असणार, असं मला वाटून गेलं.

मी तिला विचारलं, ‘‘मग तुझ्याकडे किती रात्री होत्या, काही लिहून ठेवलंयस का?’’

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘आई दरवर्षी कालनिर्णय पाठवते ना, त्यावर आहे सगळं.’’

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर! आपण त्यावर दुधाचे खाडे मांडतो, तशा तिनं चिमीच्या रात्री मांडल्या होत्या. तिच्याकडे असेल त्या तारखेला टिकली, नसेल तिथे फुली. कर वाचवायला नव्हे बरं का. घर रिकामं असलेल्या रात्री मोजायची तिला सवयच लागली होती. तिनं मोजून सांगितलं, २०२५ मध्ये टिकल्या १८९ आणि फुल्या १७६. ताबा बरोबरीचा असला तरी त्यांना ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जावं लागतं, तेव्हा चिमी आईकडेच. असा तेरा रात्रींचा फरक पडला होता.

काकू बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘शी बाई, आईनं का लेकराच्या रात्रींचा हिशेब ठेवायचा?’’

खरं सांगू? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण मग विचार केला. लेकराच्या तापाच्या रात्री, दाढदुखीच्या रात्री, परीक्षेच्या आदल्या रात्री आपण जागतो. त्या कोण मोजतं? कुठल्या सरकारी कागदावर त्या येतात? जगात कुठेतरी एक खातं असं आहे की जे विचारतं, ‘पैसे कोण देतं ते राहू द्या, मूल झोपलं कुठे ते सांगा.’ मला तर यात आईपणाची, आणि जो बाप रात्री जागतो त्याच्याही बापपणाची कदर दिसली. त्या खात्याच्या मनात कदर असेल किंवा नसेल, नियमातून ती होते एवढं खरं.

नियमात सगळंच गोड नाही. समजा, दोघांकडे रात्री अगदी सारख्या झाल्या. ३६५ ला दोनाने भाग जात नाही, पण २०२४ सारख्या ३६६ दिवसांच्या वर्षी १८३-१८३ होऊ शकतात. मग हक्क कुणाचा? ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा! हे मात्र मला पटलं नाही. कष्ट सारखे असतील तर पारडं पैशाकडे का झुकावं? ज्या आईनं मुलासाठी अर्धवेळ नोकरी पत्करली, तिचं उत्पन्न कमी असणारच. म्हणजे बरोबरी झाली की ती हरली. माझ्या मते तिथे गरज कुणाची जास्त, ते बघायला हवं होतं.

आता या गोष्टीतली खरी गोम. रात्री आईकडे जास्त असल्या तरी ती आपला हक्क बाबांना देऊ शकते. त्यासाठी ८३३२ क्रमांकाचा एक पानाचा फॉर्म असतो. आईनं त्यावर सही करायची आणि बाबांनी तो आपल्या रिटर्नला जोडायचा. काकूंच्या लेकीनं २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांसाठी अशी सही दिली होती. का दिली? ‘‘वाद नको म्हणून, वहिनी.’’ हे वाक्य आमच्या केंद्रात मी आठवड्यातून दोनदा ऐकते. तालुक्याच्या गावातली बाई असो की न्यू जर्सीतली इंजिनिअर, सही करतानाचं वाक्य तेच!

यंदा घरभाडं वाढलं, म्हणून डिसेंबरमध्ये तिनं फोनवर सांगितलं, की २०२५ साठी चिमीचं नाव मी लिहीन. ते म्हणाले, ‘‘बघू.’’ तिनं ‘बघू’चा अर्थ ‘बरं’ असा घेतला, त्यांनी ‘नाही’ असा. फेब्रुवारीत त्यांनी फॉर्मशिवायच रिटर्न भरून टाकलं.

त्या एका पानाच्या फॉर्ममध्ये तीन भाग आहेत. पहिल्या भागात फक्त चालू वर्षाचा हक्क सोडायचा. दुसऱ्यात पुढच्या वर्षांचा. तिथे ठरावीक वर्षं लिहिता येतात, नाहीतर ‘पुढची सर्व वर्षं’ असंही लिहिता येतं. तिसऱ्या भागात दिलेला हक्क परत घेता येतो. पण परत घेणं लगेच लागू होत नाही. २०२६ मध्ये कळवलं, तर ते लवकरात लवकर २०२७ च्या करवर्षापासून. म्हणजे रागाच्या किंवा दयेच्या भरात ‘सर्व वर्षं’ लिहून दिलं, तर चूक कळल्यावरही त्या वर्षापुरते हात बांधलेले. तिनं एकेका वर्षाचीच सही दिली होती, म्हणून वाचली.

आणखी एक गोष्ट तिला स्वतःलाच उशिरा कळली. फॉर्मवर सही केली म्हणून सगळंच जात नाही. मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तिच्याकडे राहिलं, घराचा अर्ध्याहून जास्त खर्च तिनं केला, तर तिला ‘घरप्रमुख’ म्हणून रिटर्न भरता येतं. २०२५ साठी एकट्या माणसाला १५,७५० डॉलरची सरसकट वजावट आहे, घरप्रमुखाला २३,६२५ डॉलरची. नोकरीवर जाता यावं म्हणून मुलाला पाळणाघरात ठेवण्याचा खर्च होतो, त्यावरची सवलतसुद्धा ताबाधारक पालकाचीच राहते. या गोष्टी सहीनं दुसऱ्याला देताच येत नाहीत. हिनं मात्र २०२३ मध्ये ‘मुलगी त्यांच्या कागदावर आहे, म्हणजे मी एकटीच’ असं समजून एकटी म्हणून रिटर्न भरलं! सुदैवानं रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत दुरुस्ती करून पैसे परत मागता येतात. तिच्याकडे अजून वेळ आहे. त्या वर्षाचं कॅलेंडरही तिनं जपून ठेवलंय. रद्दीत दिलं नाही म्हणून मी तिला शाबासकी दिली.

कुणी म्हणेल, कोर्टाच्या हुकूमनाम्यातच हे लिहून घ्यावं. तिथे अनेकजण लिहूनही घेतात, की विषम वर्षी आई, सम वर्षी बाबा. पण घटस्फोटाचा हुकूम तिथल्या राज्याच्या कोर्टाचा आणि आयकर देशाच्या सरकारचा. २००८ नंतरच्या हुकूमनाम्यांच्या बाबतीत नुसती हुकूमनाम्याची प्रत जोडून भागत नाही. तो फॉर्मच लागतो. यात बापाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. कोर्टानं सम वर्षं त्याला दिली आणि आईनं मुद्दाम सही केली नाही, तर तो बिचारा हुकूम हातात घेऊन पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढणार. तेव्हा शब्द दिला असेल तर आपणही पाळलाच पाहिजे. हक्काबद्दल बोलताना मी ही बाजू कधी सोडत नाही.

तर मग आमच्या हिनं काय केलं? दोन रस्ते होते. रिटर्न कागदावर छापून टपालानं पाठवायचं, किंवा त्या खात्याकडून सहा आकडी गुप्त नंबर घेऊन कॉम्प्युटरवरूनच भरायचं. मूल आधी दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये असलं तरी आता तो नंबर दिला की रिटर्न स्वीकारतात. तिनं नंबर घेतला आणि १५ एप्रिलच्या मुदतीच्या आत रिटर्न भरलं. एकच मूल दोघांनी दाखवलं की ते खातं दोघांनाही पत्र पाठवतं, की आपापलं तपासा आणि चुकलं असेल त्यानं दुरुस्ती करा. कुणीच माघार घेतली नाही तर चौकशी. मग शाळेचे, डॉक्टरचे कागद आणि रात्रींच्या नोंदी काढा.

मी तिला म्हटलं, ‘‘पत्राची वाट बघू नकोस. कॅलेंडरच्या बारा पानांचे फोटो त्यांना पाठव. सोबत भांडणाचा एकही शब्द लिहू नकोस.’’ तिनं पाठवले. चार दिवस उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी एवढंच कळवलं, की माझ्या प्रवासाच्या तिकिटांशी ताडून बघतो. हे लिहीपर्यंत दुरुस्ती झालेली नाही. होईल असं मला वाटतं. नाही झाली तर तिच्याकडे पुरावा आहे.

आता माझी कबुली. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली होती. संमतीनं घटस्फोट ठरत होता. मुलगा आईकडे राहणार होता. त्याच्या शिक्षणासाठी लाखभर रुपयांची ठेव मुलाच्या नावे होती आणि तिथे पालक म्हणून बापाचं नाव होतं. बाई म्हणाली, ‘‘ताई, तिथे माझं नाव घालायला सांगा ना.’’ दुपार टळून गेली होती, दोन्हीकडची माणसं कंटाळली होती. मी म्हटलं, ‘‘अगं, मुलाच्याच नावे आहे ना? बाप काही खाऊन टाकणार नाही. सही कर आणि मिटव.’’

बापानं खाल्ली नाही ठेव. पण त्यानं दुसरा संसार मांडला, तो परगावी गेला. मुलाचा डिप्लोमाचा प्रवेश आला तेव्हा मुलगा अजून अठराचा झाला नव्हता आणि बापाची सही काही मिळेना. त्या माऊलीनं पाटल्या गहाण ठेवून फी भरली. पावती दाखवायला माझ्याकडे आली होती. बोलली काहीच नाही. मला मात्र आजही त्या पावतीची आठवण आली की मान खाली जाते. घरात पालक ती होती, कागदावर पालक तो. आणि मध्ये ‘मिटव’ म्हणणारी मी.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलंय. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा त्यांना वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये निकाल लागला, की ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे. वडील प्रत्यक्ष लक्ष घालत नसतील तर आईसुद्धा पालक. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालंय. चांगलंच झालं. पण नुसतं नाव लागून भागत नाही. सही कुणाची चालते, हे महत्त्वाचं.

आपल्या आयकरात अमेरिकेसारखी मुलामागे सरसकट सवलत नाही. म्हणून तिथली ओढाताण इथे तशी दिसत नाही. पण मुलाच्या नावे ठेव असेल तर तिचं व्याज पालकाच्या उत्पन्नात धरतात. संसार चालू असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या, आणि घटस्फोट झाला असेल तर जो मुलाला सांभाळतो त्याच्या. जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला मुलांच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते, तीही ज्यानं फी भरली त्याला. म्हणजे फी आपण भरायची आणि पावती दुसऱ्याच्या नावानं फाडायची, असा भोळेपणा नको.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी, भाच्या, पुतण्या आज तिकडे आहेत. सगळ्यांचे संसार सुखाचे होवोत. पण एखादीचा मोडला, तर फोनवर नुसतं ‘सांभाळून राहा’ म्हणू नका. विचारा, की रात्रींची नोंद ठेवतेस ना? सही एका वर्षाची दिलीस की सगळ्या वर्षांची? आणि इथे आपल्या दारात कुणी घटस्फोटाचा मसुदा घेऊन आली, तर ‘मिटव’ म्हणण्याआधी मुलाच्या खात्यावर, शाळेत, ठेवीवर पालक म्हणून कुणाचं नाव आहे ते एकदा वाचून बघा. मी आता तेच आधी वाचते. घाई करणाऱ्यांना चहा देते आणि वाचते.

त्या रविवारी फोन ठेवण्यापूर्वी चिमीचा आवाज आला होता. आईच्या कॉम्प्युटरवरचं काहीतरी तिनं वाचलं असावं. ती विचारत होती, ‘‘आई, मग या वर्षी मी कुणाची?’’

तिची आई गडबडली. मीच म्हटलं, फोन तिच्याकडे दे. तिला सांगितलं, ‘‘चिमे, तू दोघांचीच. तो कॉम्प्युटर फक्त विचारतोय, की तू कुठे किती रात्री झोपलीस.’’

‘‘मग मलाच विचारा ना,’’ ती म्हणाली, ‘‘मला माहितेय!’’

पण तिला विचारायची वेळ येऊ द्यायची नाही, हे मोठ्यांचं काम. त्यासाठीच ते भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.